तलावातला दिवा लागत नाही, तेव्हा आधी पंपरूममध्ये पाहावे

पुण्यातल्या गृहसंकुलांमध्ये जलतरण तलावाच्या दिव्यांची तक्रार सगळ्यात जास्त कधी येते, असे कोणी विचारले तर माझे उत्तर जून आणि जुलै असे असेल. हा दिवा बारा महिने पाण्यात बुडालेला असतो, मग वरून पडणाऱ्या पावसाने त्याचे काय बिघडावे, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर असे की, पुष्कळदा दिव्याचे काहीच बिघडलेले नसते. दिवा पाण्यात राहण्यासाठीच बनवलेला असतो. पावसात भिजतात त्या त्याला वीज पोहोचवणाऱ्या इतर वस्तू, ज्या कोरड्या राहतील असे गृहीत धरून बसवलेल्या असतात. तरीही तक्रार आली की पहिल्यांदा दिवाच बदलला जातो, कारण काठावर उभे राहिल्यावर दिसतो तो दिवाच.

म्हणून आधी विजेचा मार्ग समजून घेऊ. पंपरूममधल्या पॅनेलवर या दिव्यांसाठी एक एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारा स्विच असतो आणि त्याच्या जोडीला विजेची गळती पकडणारा आरसीसीबी असतो, ज्याला आपल्याकडचे अनेक वायरमन अजूनही ईएलसीबीच म्हणतात. त्यानंतर संध्याकाळी दिवे लावणारा टायमर येतो आणि मग २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर. तिथून निघालेली केबल जमिनीखालच्या पाइपातून तलावाच्या काठाजवळच्या जॉइंट बॉक्सपर्यंत येते, आणि बॉक्समधून दिव्याची स्वतःची केबल तलावाच्या भिंतीत केलेल्या कोनाड्यात उतरते. त्या कोनाड्यात फिटिंग, म्हणजे काचेसह दिव्याचे बंद कवच बसवलेले असते, आणि फिटिंगच्या मागे केबलचे एक-दोन वेढे मुद्दाम गुंडाळून ठेवलेले असतात. ते कशासाठी, ते पुढे येईलच.

यातली १२ व्होल्टची गोष्ट नीट समजणे सगळ्यात महत्त्वाचे आहे. कोरड्या त्वचेचा विजेला होणारा रोध बराच असतो, पण पाण्यात भिजलेल्या शरीराचा रोध १००० ओहमपर्यंत किंवा त्याहूनही खाली येतो. हिशेब सोपा ठेवण्यासाठी १००० ओहमच धरला, तर २३० व्होल्टला शरीरातून २३० मिलीॲम्पिअर प्रवाह जाईल आणि १२ व्होल्टला केवळ १२ मिलीॲम्पिअर. पहिला आकडा हृदयाची लय बिघडवून प्राण घेण्यास पुरेसा आहे. शिवाय पाण्यात माणूस विजेच्या थेट धक्क्यानेच जातो असे नाही. त्याहून कमी प्रवाहानेही हातपाय आखडतात आणि पट्टीचा पोहणारासुद्धा बुडतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाच्या ६०३६४ या मानकातला जलतरण तलावांविषयीचा ७०२ क्रमांकाचा भाग पाण्यातल्या उपकरणांना जास्तीत जास्त १२ व्होल्ट एसी किंवा ३० व्होल्ट डीसी एवढाच पुरवठा मान्य करतो, आणि तोही मुख्य विजेपासून पूर्णपणे विलग केलेला. 'विलग' म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या आतली २३० व्होल्टची गुंडाळी आणि १२ व्होल्टची गुंडाळी यांचा एकमेकींशी तारेने कोठेही संबंध नसतो; ऊर्जा पलीकडे जाते ती चुंबकीय क्षेत्रातून.

तेव्हा दुरुस्तीला आलेल्या माणसाला विचारायचा पहिला प्रश्न 'दिवा का लागत नाही' हा नसून 'हा दिवा १२ व्होल्टचाच आहे ना' हा असला पाहिजे. जुन्या तलावांमध्ये थेट २३० व्होल्टवर चालणारे दिवे आजही सापडू शकतात. तसा दिवा निघाला तर त्याची दुरुस्ती करूच नये; तो पुरवठा कायमचा तोडावा आणि १२ व्होल्टची व्यवस्था नव्याने करावी. यात खर्च किती वाचला याचा हिशेब मांडणाऱ्या समितीशी वाद घालण्यात मला अर्थ वाटत नाही.

आता आरसीसीबीचे वागणे पाहू, कारण त्यातून दोषाचा पत्ता बराचसा कळतो. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह सतत ताडून पाहतो. माणसांच्या संरक्षणासाठी बसवलेल्या आरसीसीबीची मर्यादा ३० मिलीॲम्पिअर असते; फरक तेवढा होताच तो पुरवठा तोडतो. परंतु ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडची १२ व्होल्टची बाजू विलग असल्यामुळे तिथे पाण्यात गळती झाली तरी तो प्रवाह जमिनीतून मुख्य पुरवठ्याकडे परतत नाही, आणि आरसीसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. यातून दोन निष्कर्ष निघतात. आरसीसीबी पडत, म्हणजे आपोआप बंद होत असेल तर दोष बहुतेक २३० व्होल्टच्या बाजूला, म्हणजे पॅनेलमधल्या ओलीत, टायमरमध्ये, पंपरूमच्या वायरिंगमध्ये किंवा खुद्द ट्रान्सफॉर्मरमध्ये शोधायचा. उलट, आरसीसीबी शांत आहे म्हणून पाण्यातली केबल आणि फिटिंग ठणठणीत आहेत असे समजायचे नाही.

एक तिसरी शक्यता आहे आणि ती गंभीर आहे. दिव्याकडे जाणारी १२ व्होल्टची केबल ट्रान्सफॉर्मरवरून सोडवली की आरसीसीबी पडायचा थांबतो आणि जोडली की पुन्हा पडतो, असे आढळले तर दोन बाजूंमधले विलगीकरण नष्ट झाले आहे किंवा मुळात ते नव्हतेच, असे धरून चालावे आणि दोष निघेपर्यंत तलाव पोहण्यासाठी बंद ठेवावा. आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो काढून वायर सरळ एमसीबीला जोडणारे महाभागही असतात. अशा ठिकाणी पोहायला उतरू नये.

प्रत्यक्ष तपासणीत कोणी काय करावे, हेही ठरवून घ्यावे. सोसायटीच्या समितीतल्या कोणालाही एमसीबी आणि आरसीसीबी पडला आहे का, एकच दिवा बंद आहे की सगळे, आणि टायमर बरोबर चालतो का, हे झाकणे न उघडता पाहता येते. टायमरचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये. वीज गेली की बॅटरी नसलेल्या टायमरचे घड्याळ तिथेच थांबते. दोन-चार वेळा वीज गेली की ते काही तासांनी मागे पडते आणि मग दिवे रात्री उशिरा लागून सकाळच्या उन्हात जळत राहतात. कोणालाच ते दिसत नाहीत, आणि 'दिवे बंद आहेत' अशी तक्रार मात्र नोंदवली जाते. याच्या पुढचे प्रत्येक काम परवानाधारक वायरमनचे आहे. त्यानेही काम सुरू करण्याआधी तलावातून सगळ्यांना बाहेर काढावे, एमसीबी बंद करून त्यावर कुलूप किंवा निदान सूचनेची पाटी लावावी, आणि जनरेटरचा पुरवठा त्याच पॅनेलवर दुसऱ्या वाटेने येत नाही ना, याची खात्री करावी. महावितरणची वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा जनरेटर काम करणाऱ्याला पूर्वसूचना देत नाही. वीज बंद झाली का, हे पाहायला खिशातला निऑनचा टेस्टर पुरेसा नाही. मल्टिमीटर आधी चालू सॉकेटवर लावून तो स्वतः ठीक आहे हे पाहावे आणि मगच त्याच्यावर विश्वास ठेवावा.

सगळे दिवे एकदम गेले असतील तर सगळ्या दिव्यांचा एकाच दिवशी मृत्यू होणे संभवत नाही. दोष ट्रान्सफॉर्मरमध्ये किंवा त्याच्या अलीकडे असतो. ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूला २३० व्होल्ट येत आहेत आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, असे मल्टिमीटरने दाखवले की आतला फ्यूज किंवा गुंडाळी गेली. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी, की ट्रान्सफॉर्मर उगाच जळत नाही. सहा दिवे १८ वॉटचे असतील तर १०८ वॉट होतात, आणि त्यावर निदान दीडशे ते दोनशे व्हीए (व्होल्ट-ॲम्पिअर) क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर हवा; शंभरचा लावला असेल तर नवाही काही महिन्यांत जाईल.

एकच दिवा बंद असेल आणि शेजारचे लागत असतील तर दोष त्या दिव्याच्या शाखेत आहे, हे उघड आहे. पण त्या शाखेत केबल, जॉइंट बॉक्स आणि फिटिंग अशा तीन वस्तू आहेत, आणि इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत सहापैकी एक दिवा लागत नव्हता. आलेल्या माणसाने जॉइंट बॉक्समध्ये मल्टिमीटर लावला, १२ व्होल्ट दिसले, म्हणजे वीज येते आहे आणि दिवाच गेला आहे असा निकाल दिला. नवा दिवा आला, लागला आणि पुढच्या पावसात बंद पडला. सेक्रेटरी म्हणाले, "काका, दोन वर्षांत हा तिसरा दिवा; आता कंपनीच बदलू." कंपनीचा काही दोष नव्हता. काठावरच्या फरशीत बसवलेल्या त्या बॉक्सचे झाकण उघडले तेव्हा आत दोन बोटे पाणी होते, आणि इन्सुलेशन टेप गुंडाळलेल्या जॉइंटमधले तांबे हिरवे पडून भुगा झाले होते.

मग मल्टिमीटरने १२ व्होल्ट का दाखवले? कारण मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. गंजलेल्या जॉइंटमध्ये पाच ओहमचा रोध तयार झाला असेल तरी प्रवाह वाहत नसताना त्यावर व्होल्ट खर्च होत नाहीत, आणि मीटरला पूर्ण १२ दिसतात. त्याच जॉइंटमधून १८ वॉटच्या दिव्याचा दीड ॲम्पिअर जायला लागला की पाच गुणिले दीड, म्हणजे साडेसात व्होल्ट तिथेच गळून पडतात. नळाचे तोंड अंगठ्याने दाबून धरले तरी आतला दाब पूर्ण असतो. अंगठा काढल्यावर किती पाणी येते त्यावरून पाइप तुंबला आहे का ते कळते, तसाच हा प्रकार आहे. म्हणून तपासणी नेहमी भार लावून करावी. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. मोटारीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब होल्डरसह घ्यावा आणि जॉइंट बॉक्समध्ये दिव्याच्या वायरी सोडवून त्या जागी तो जोडावा. दिवा डीसीवरचा असो वा एसीवरचा, हा बल्ब दोन्हींवर चालतो. तो लख्ख लागला आणि त्याच्या टोकांवर मीटरने १२ च्या जवळपास आकडा दाखवला, तर बॉक्सपर्यंतचा मार्ग चांगला आहे आणि दोष पाण्याच्या बाजूला आहे. तो मिणमिणला तर नव्या दिव्याचा विचार सोडून मागे पंपरूमकडे चालत जावे, आणि प्रत्येक जोडणीवर हाच बल्ब लावत यावे.

दिवा लागतो पण मंद लागतो, ही तक्रार बहुतेकदा वाटेत होणाऱ्या व्होल्टच्या याच घटीची असते, आणि ती गंज नसतानाही येते. तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची केबल २० मीटर लांब असेल, तर जाण्या-येण्याची मिळून ४० मीटर तार होते आणि तिचा रोध सुमारे ०.१७ ओहम भरतो. पूर्वीच्या ३०० वॉटच्या हॅलोजन दिव्याला १२ व्होल्टवर २५ ॲम्पिअर लागत. म्हणजे तीन ते चार व्होल्ट केबलमध्येच खर्च होत, आणि तरीही कोणाला त्याचे विशेष वाटत नसे. त्याच केबलवर १८ वॉटचा एलईडी लावला तर पाव व्होल्टच जातो. त्यामुळे एलईडी आल्यापासून केबलच्या जाडीची चिंता कमी झाली आहे. परंतु दिवा मोठा, केबल बारीक आणि अंतर लांब असे त्रिकूट जमले की ती पुन्हा उभी राहते.

एलईडीने एक नवे दुखणे मात्र आणले. जुना हॅलोजन काढून त्याच जागी एलईडी बसवला आणि तो लुकलुकू लागला, तर ट्रान्सफॉर्मर कोणत्या जातीचा आहे ते पाहावे. हॅलोजनसाठी बनवलेल्या काही इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरांना किमान काही भार लागतो. ३०० वॉटच्या जागी १८ वॉट आले की ते चालू-बंद होत राहतात. तांब्याच्या गुंडाळीचा साधा, जड ट्रान्सफॉर्मर अशी कुरकुर करत नाही. दिव्यावर डीसी लिहिले असताना त्याला एसी ट्रान्सफॉर्मरवर जोडणे ही दुसरी चूक, आणि तीत दिवा थोड्याच दिवसांत जातो. रंग बदलणाऱ्या चार तारांच्या दिव्यात एकच रंग येत नसेल तर बहुतेकदा त्या रंगाची तार तुटलेली असते किंवा कंट्रोलरचा तेवढा भाग गेलेला असतो. दोन रंगांच्या तारा क्षणभर आपसात बदलून पाहिल्या की या दोहोंपैकी काय ते कळते.

बल्ब जॉइंट बॉक्समध्ये चांगला लागला आणि फिटिंग मात्र लागत नाही, अशी खात्री झाल्यावरच फिटिंग बाहेर काढावी. त्यासाठी तलाव रिकामा करण्याची गरज नसते, आणि ही गोष्ट मोठ्याने सांगावी लागते. १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल तलावात सुमारे ८६ हजार लिटर पाणी असते. म्हणजे १० हजार लिटरचे जवळजवळ नऊ टँकर. पावसाळ्यात तर तलाव रिकामा करणे धोक्याचेही असते, कारण जमिनीखालचे पाणी वर आलेले असताना रिकाम्या हौदाला खालून दाब बसतो आणि त्याला तडे जाऊ शकतात. फिटिंग बहुधा वरच्या बाजूच्या एका स्क्रूवर धरलेली असते. तो काढला की ती कोनाड्यातून पुढे येते, आणि मघाशी सांगितलेले केबलचे वेढे उलगडून ती पाण्याबाहेर काठावर ठेवता येते. ते वेढे यासाठीच असतात. एखाद्याने जागा अपुरी पडते म्हणून केबल आखूड कापलेली असली, तर पुढच्या प्रत्येक दुरुस्तीला माणसाला पाण्यात उतरूनच काम करावे लागते. काढलेला स्क्रू मुठीत ठेवावा. तळाशी गेलेला स्टेनलेस स्टीलचा स्क्रू तिथे डाग पाडतो, आणि मुलांच्या पायाला लागतो ते वेगळेच.

फिटिंगच्या आत पाणी दिसले की गॅस्केट, म्हणजे काचेच्या कडेला पाणी अडवणारी लवचीक कडी बदलायची आणि मोकळे व्हायचे, ही रूढ पद्धत आहे. पण पाणी आत कसे शिरते हे समजल्याशिवाय तिचा उपयोग टिकत नाही. दिवा लागला की आतली हवा तापून फुगते आणि जरा सैल जागा मिळाली की थोडी बाहेर पडते. दिवा बंद झाला की भोवतीच्या थंड पाण्याने उरलेली हवा आकसते, आत दाब कमी होतो, आणि तीच सैल जागा आता पाणी आत ओढून घेते. रोज संध्याकाळी आणि रोज रात्री हा श्वासोच्छ्वास चालू असतो. त्यामुळे केसाएवढ्या फटीतूनही महिन्याभरात वाटीभर पाणी जमते. ही फट कधी गॅस्केटला असते, कधी केबल आत जाते तिथे तिला आवळून धरणाऱ्या ग्लँडला, आणि कधी दोन्हींकडे नसून खुद्द केबलच्या आत असते. जॉइंट बॉक्समध्ये साचलेले पाणी केबलच्या बारीक तारांमधल्या पोकळीतून, वातीत तेल चढावे तसे, मीटरच्या मीटर सरकत फिटिंगपर्यंत पोहोचते. केबलचे टोक कापल्यावर तांबे आतून काळे पडलेले दिसले, तर हाच प्रकार समजावा. अशा वेळी गॅस्केट कितीही चांगली बसवली तरी उपयोग नाही. केबलसह फिटिंगच बदलावी लागते.

गॅस्केट बदलायची असेल तर ती त्याच मापाची आणि शक्यतो सिलिकॉनची घ्यावी. एकदा दाबून बसलेली जुनी गॅस्केट धुऊन पुन्हा लावू नये. काच आणि कडा यांवर आपल्याकडच्या बोअरच्या व टँकरच्या जड पाण्याने पांढरा क्षार धरलेला असतो, तो पातळ व्हिनेगरने उतरवावा, कारण त्या खरबरीत थरावर नवी गॅस्केटही नीट बसत नाही. स्क्रू एकापाठोपाठ एक पूर्ण आवळू नयेत. समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जावे, म्हणजे दाब सगळीकडे सारखा बसतो. रेझिन भरून कायमचे बंद केलेले चपटे एलईडी दिवे हल्ली बरेच दिसतात; ते उघडता येत नाहीत आणि उघडण्याचा प्रयत्नही करू नये. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ यांमध्ये राहत नसेल तर कोणत्याही फिटिंगचे आयुष्य घटते.

जॉइंटविषयी माझे मत ठाम आहे. पाण्याच्या पातळीखाली जॉइंट असूच नये, आणि काठावरच्या बॉक्समध्ये तो असेल तर नुसत्या टेपने गुंडाळलेला नसावा. रेझिन ओतून बंद करायचे जॉइंट किट किंवा जेल भरलेले कनेक्टर मिळतात. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात विचारपूस करावी. बॉक्स फरशीच्या पातळीपेक्षा वर, भिंतीवर घेता आला तर निम्मा प्रश्न सुटतो. कोनाड्यातून केबल ज्या पाइपात जाते त्याचे तोंड पाण्याखाली चालणाऱ्या एपॉक्सी पुट्टीने बंद करावे, नाहीतर तलावाचेच पाणी त्या पाइपातून बॉक्सपर्यंत येते, आणि पाण्याची पातळी रोज थोडी का उतरते हे कोडे प्लंबर टाइल्सच्या सांध्यांमध्ये शोधत बसतो.

सगळे जोडून झाल्यावर दिवे लगेच लावू नयेत. आधी मेगरने, म्हणजे जास्त व्होल्ट देऊन रोध मोजणाऱ्या मीटरने, इन्सुलेशनचा रोध पाहावा. १२ व्होल्टच्या बाजूला २५० व्होल्टची चाचणी घेऊन निदान ०.५ मेगाओहम, आणि २३० व्होल्टच्या बाजूला ५०० व्होल्टची घेऊन निदान १ मेगाओहम यायला हवा. ही चाचणी घेताना एलईडी फिटिंग आणि इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर सोडवून ठेवावेत, कारण मेगरच्या दाबाने त्यांचे आतले भाग जळतात, आणि दुरुस्तीने नवा बिघाड जन्माला येतो. त्यानंतर आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबून तो पडतो का ते पाहावे आणि ती तारीख पॅनेलच्या दारावर लिहावी. दिवा पाण्यात बसवल्यावरच लावावा. हॅलोजन तर पाण्याबाहेर काही सेकंदांपेक्षा जास्त लावू नये, कारण त्याची उष्णता वाहून नेणारे पाणी तिथे नसते आणि काच तडकते. पहिल्या रात्री दिवा पुरते तीन-चार तास चालू ठेवून बंद करावा. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन तलावावर येण्याआधी, काठावर ओणवे होऊन काचेच्या आतल्या बाजूला धुके धरले आहे का ते पाहावे. धरले असेल तर फिटिंग त्याच दिवशी पुन्हा बाहेर काढावी.